पाचवा नमुना

बर्फात घालायच्या बुटाचा पाचवा नमुना समितीच्या टेबलावर आला. पहिला नमुना आता समितीचे अध्यक्ष असलेल्या ब्रिगेडियर राजेशिर्क्यांनीच कर्नल असताना परत पाठवला होता. तो घालून पाहणारा हवालदार ढमाले तेव्हा म्हणाला होता, "साहेब, पाय गरम राहतात. हेच द्या."

"चांगलाय, पण जरा हलका होऊ दे," राजेशिर्के म्हणाले होते.

मग आपली खूण राहावी म्हणून दर नव्या साहेबाने एकेक सुधारणा घुसवली. किंमत तिप्पट झाली. सीमेवरच्या बर्फातल्या चौकीवर बूट पोचलाच नाही.

"चाचणीला ढमालेच हवा," आज राजेशिर्के म्हणाले.

समितीतल्या मेजरने मान खाली घातली. "सर, गेल्या हिवाळ्यात जुन्याच बुटांत त्याचे पाय गोठले. दोन्ही कापावे लागले."

राजेशिर्क्यांनी नमुना हातात घेतला. खरंच हलका झाला होता. तो त्यांना खाली ठेवता येईना.