टेकडीचा वळसा

पत्र्याच्या कुंपणावर लाल अक्षरांत ‘वाट बंद’ असं लिहिलेलं होतं. शेअर टॅक्सीतून उतरून बंगल्यांवर कामाला निघालेल्या बायका त्यासमोर उभ्या राहून कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडत होत्या. पलीकडे ओढ्याचा काठ खणून, आत माणूस उभा राहील एवढे सिमेंटचे पाइप आणून टाकले होते. पावसाचं पाणी वाहून न्यायला नवं गटार होणार होतं. काम पावसाळ्यापर्यंत चालणार म्हणे.

“आता रोज त्या टेकडीला वळसा घालून मरा,” एकजण म्हणाली. “माझे गुडघे काय महापालिका बदलून देणार आहे?”

सगळ्या हसल्या. झोलेकाही हसली. पण किती महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला, ते कुणाला कळलं नाही.

ओढ्याकाठच्या त्या बंद झालेल्या वाटेवर म्लांगेनी बाबा असायचे. डोक्यावर हॅट, हातात काठी, चर्चमध्ये पहिल्या बाकावरची जागा. मयत असो की बारसं, त्यांच्या प्रार्थनेशिवाय काही उरकत नसे. ते पहिल्यांदा सोबत चालू लागले तेव्हा झोलेकाला बरंच वाटलं होतं, कारण त्या वाटेवर चोरांचं भय होतं. मग लाकडी पुलावर ते तिचा हात धरू लागले. मग पूल संपला तरी हात सुटेना. मग तो कमरेवर आला. एकदा तर त्यांनी तिला उंच गवताच्या आडोशाला ओढलं.

“ओरडतेस कशाला? मी तुझ्या बापासारखा,” ते म्हणाले. तेवढ्यात समोरून कुणी आलं, तेव्हा हॅट काढून त्यांनी हसत नमस्कार केला.

हे सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तर काम सुटायचं.

वळशाची वाट जीव काढणारी होती. जोहान्सबर्गच्या थंडीत ओठ फुटायचे. बंगल्यांची कुत्री फाटकांवर झेपा टाकायची. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. तरी झोलेका गुणगुणत चढायची.

तिची मालकीण बुलेलवा. तिला मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. “आपण दोघी मूळच्या केंटानी गावाकडच्या. ताई म्हण,” असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जेवायला आपल्याच टेबलावर बसवायची. झोलेकाची लेक तापाने फणफणली तेव्हा ताईनेच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं.

एका सकाळी ताई दारातच उभी होती. चेहरा फुललेला.

“तुझे पाय बघवत नाहीत गं मला. सोय करून टाकली बघ. उद्यापासून म्लांगेनी बाबा टॅक्सीच्या थांब्यावर गाडी घेऊन येतील. ते स्वतःच विचारत होते, झोलेका हल्ली दिसत नाही म्हणून.”

झोलेका पायरीवर खाली बसली. पोटातलं कुणाला सांगायचंच तर ते ताईला, असं तिला वाटलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. पूल सांगितला, कमरेवरचा हात सांगितला, गवताचा आडोसा सांगितला. बोलताना मान वर होत नव्हती.

ताई शेजारी येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या हाताखाली झोलेका हमसून हमसून रडली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

“खरं बोलतेस तू,” ताई हळूच म्हणाली.

झोलेकाने मान वर केली.

“मला इथल्या शाळेत तेच सोडायचे, गाडीने. मॅट्रिक होईपर्यंत. मेले का मी?”

ताईने रुमाल काढून झोलेकाचे डोळे नीट पुसले, आधी एक, मग दुसरा.

“आणि पुढेच बसत जा,” ती म्हणाली. “मागे बसलेलं त्यांना आवडत नाही.”