मधे कुणी नाही

नाईलवरच्या पुलावर उसाचा ट्रक आडवा झाला आणि पोलिसांनी मोटारी अडवल्या. नाइगागा न्जेरूच्या बाजूलाच टॅक्सीतून उतरली. दुखरा गुडघा, हातात तान्ह्याच्या कपड्यांचं गाठोडं. पलीकडे जिंजाच्या दवाखान्यात तिच्या लेकीला, कागोयाला, कळा येत होत्या. पहिलटकरीण. ‘आई आल्याशिवाय मी जोर देणार नाही,’ एवढाच तिचा निरोप.

पोलीस फक्त मोटारसायकली सोडत होते. भाड्याच्या सगळ्या भरून गेल्या. उरली एक, तिच्याजवळ नाइगागाला न्यायला आलेला जावई बालिकोवा उभा होता. सासूकडे पाठ करून.

त्यांच्या रीतीत सासूने जावयाला शिवायचं नाही, तोंडावर बोलायचंही नाही. म्हणून तो कडेला केळी भाजणाऱ्या नांगोबीला म्हणाला, “आईंना सांगा, कागोया त्यांनाच बोलावतेय.”

“ऐकलं त्यांनी. इथंच तर उभ्या आहेत,” नांगोबी म्हणाली. “मी केळी विकते रे बाबा, निरोप नाही.”

“सांगा, त्यांनी मागे बसावं. मी चालत ढकलत नेतो.”

नाइगागा बसली. तो हँडल धरून, अंग चोरून ढकलू लागला. पूल मधोमध चढत गेलेला. दोन्हीकडच्या जाड तारा उंच खांबांकडे ओढलेल्या, खाली नाईल. बालिकोवाला धाप लागली, शर्ट पाठीला चिकटला.

त्याचा फोन वाजला. ऐकून तो थांबला. इथं दोघांच्या मधे निरोप सांगायला कुणीच नव्हतं. तो नदीला म्हणाला, “नर्स म्हणतेय, लवकर या. आता थांबणार नाही.”

नाइगागाही आधी नदीलाच म्हणाली, “असं ढकलत गेलो तर बाळच चालत आपल्याला न्यायला येईल.” मग तिने मान वळवली. “जावईबापू, बसा पुढे.”

तो हलला नाही.

“शिवलं की हात थरथरायला लागतात, आई. जन्मभरासाठी.”

नाइगागाने कमरेच्या कापडी पट्ट्याने गाठोडं पाठीशी आवळून बांधलं, तान्हं बांधतात तसं. दोन्ही हात मोकळे केले.

“बसा म्हणते ना.”

तो बसला. किक मारली. तिने त्याच्या कमरेला घट्ट मिठी घातली. पुढे ट्रकापाशी जमलेले लोक वळून बघू लागले.

“थरथरत्या हातांत बाळं लवकर झोपतात,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “सोडा गाडी.”