फटींचा जाणकार

ओरगडमच्या मोटार कारखान्यात गजेंद्रचं कामच गाडीच्या दारांच्या फटी तपासण्याचं. केसभर फट वाढली, की गाडी परत! लेकीनं, ऊर्मीनं, पाळायला अंगठ्याएवढा हॅम्स्टर मागितला, तेव्हा उंदरासारखं शेपूट दिसत नाही या एकाच गुणावर बायकोनं, अलकनंदानं, त्याला घरात घेतलं. मग गजेंद्रनं नुंगंबाक्कममधलं दुकान पालथं घालून ऐसपैस, हवेशीर, आत फिरतं चाक असलेला पिंजरा आणला.

"अहो, याचे गज जरा लांब लांब नाहीत का?" अलकनंदानं विचारलं.

"फटींचं तू मला शिकवणार? चेन्नईच्या उकाड्यात हवा नको का खेळायला?"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी स्वयंपाकघरातल्या सापळ्यात उंदीर सापडला. सापळ्यावर फडकं टाकून गजेंद्र स्कूटरवरून थेट तांबरमच्या पलीकडे गेला, त्याला झुडपात सोडलं आणि शीळ घालत परतला.

"गेली एकदाची ब्याद!" चहाचा कप उचलत तो बायकोला म्हणाला.



"पण अगं, आधी मांजरानं गाठलं असणार त्याला. बिचाऱ्याला शेपूटच नव्हतं."