हाताखालची जागा

जयवंतांचा उजवा हात खाली येत नव्हता. देह पाठीवर सरळ निजवला होता, डोळे मिटलेले होते; पण तो एक हात कोपरात वाकून छातीच्या वर अधांतरी थांबला होता. धाकटा भाऊ रमाकांत याने तो दाबून पाहिला, आणि दुखेल की काय अशा भीतीने सोडून दिला.

“तिरडीवर बांधायचा कसा हा?”

“युनियनचा हात तो,” दारातून रघु म्हणाला. तो जयवंतांचा गिरणीतला सोबती. “मालकाने दाबून खाली आला नाही, तुझ्याने काय येतो!” कुणीतरी हसले आणि लगेच खोकून गप्प झाले.

डॉक्टर शंतनु दाखला द्यायला आले होते. चाळीखालच्या दवाखान्यात जयवंतांच्या थकलेल्या हृदयावर तेच उपचार करीत; परवाच त्यांनी नाडी पाहिली होती. त्यांनी जबडा चाचपला, मग मान, मग गुडघे. देह पायाच्या बोटांपर्यंत ताठरला होता.

“केव्हा गेले?”

“आत्ता सकाळी. चहा घेतला नि मान टाकली. वहिनीच होती जवळ.”

भिंतीशी बसलेल्या जाईबाईंनी होकारार्थी मान हलवली. वर पाहिले नाही.

आत्ता गेलेला देह असा लाकडासारखा होत नाही. शंतनुंना शिकवलेले स्पष्ट होते : घरच्यांचे सांगणे आणि देहाचे सांगणे जुळत नसेल, तर सही करायची नाही, पोलिसांना कळवायचे. पुढे शवविच्छेदन. त्यांनी सगळ्यांना गॅलरीत जायला सांगितले. जाता जाता रमाकांतने त्यांचे मनगट धरले. “चिरफाड तेवढी नको, डॉक्टर. पाया पडतो.”

दार लोटले गेले. खालच्या गल्लीतून मिरची कांडणाऱ्या डंकाचा आवाज येत राहिला.

शंतनुंनी गळा पाहिला, पापण्या उलटून पाहिल्या, ओठांची आतली बाजू पाहिली. इजा कुठेच नव्हती. मेल्यावर खालच्या बाजूला उतरून साकळलेल्या रक्ताची जांभळी छटा मात्र पाठीवर नव्हती. ती डाव्या कुशीवर होती. म्हणजे रात्रभर जयवंत कुशीवर होते. मग त्यांनी तो अधांतरी हात खालून पाहिला. उतरलेल्या जांभळेपणात एक लांबट, फिकट जागा होती. दाबामुळे तिथे रक्त पोहोचलेच नव्हते. त्या जागेखाली कुणीतरी होते, आणि हात ताठरेपर्यंत तिथून हलले नव्हते.

पुस्तकात अशा जागेला नाव होते. ती कुणाची, हे विचारण्याची सोय पुस्तकात नव्हती. शंतनु एकटे राहत. त्या फिकट जागेकडे ते गरजेपेक्षा अधिक वेळ पाहत राहिले.

“काकी, सकाळी चहा कोणी घेतला?”

“दोन कप केले.” जाईबाईंचा आवाज जेमतेम ऐकू आला. “दोन्ही मीच प्याले.”

“आणि हे?”

“काल दिवेलागणीला. बोलता बोलता.”

“मग हाक का नाही मारली?”

आता त्यांनी वर पाहिले. “हाक मारली की चाळ येणार. मग हे चाळीचे. पुरुषमाणसं उचलणार, मी कोपऱ्यात.” त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. “लगीन होऊन आले तेव्हा या खोलीत दीर, नणंदा, गाववाले. हे गॅलरीत झोपायचे, मी मोरीपाशी. मग पोरं, मग सुना. आत्ता थोरला विरारला राहायला गेला नि खोली रिकामी झाली. तर ह्यांना दम. रात्र रात्र खाटेवर बसून काढायचे.” पदराचे टोक त्यांनी बोटाला गुंडाळले. “काल ह्यांना कुशीवर निजवलं, शेजारी पडले. हात मीच घेतला अंगावर. पहाटे उठायला गेले, तर हलेना. खालून सरकून बाहेर आले.”

शंतनुंनी दाखल्याचा कागद पुढे ओढला.

“ह्यांचं दुखणं मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “वेळ खरी लिहिली, तर पोलीस लागणार नाहीत. पण कालची संध्याकाळ लिहावी लागेल.”

“सकाळच लिवा ना.”

“नाही लिहिता येत, काकी.”

“म्हणजे सगळ्यांना कळणार.”

“हो.”

जाईबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, “लिवा. ह्यांना चिरायला नको.”

शंतनुंनी दार उघडले. गॅलरीभर माणसे दाटली होती. मृत्यू नैसर्गिक आहे, दाखला देतो, असे त्यांनी सांगितले. आणि मग, शक्य तितक्या साध्या आवाजात, वेळ सांगितली.

“काल?” रमाकांत आत पाहू लागला. “काल संध्याकाळी? वहिनी, मग तू रात्रभर... मढ्याजवळ?”

कुणी कुणाकडे पाहिले नाही. जाईबाई भिंतीला धरून उठल्या. एवढ्या माणसांपुढे त्या आजवर कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

“होय भावोजी,” त्या म्हणाल्या. “काल रात्री आम्ही दोघंच होतो.”