दुसरा फॉर्म

बाईंनी फॉर्म तिसऱ्यांदा त्याच्याकडे सरकवला. त्याने तो तिसऱ्यांदा परत ढकलला, पण या वेळी जरा हळू.

"एवढं काही बिघडलेलं नाही हो माझं," चष्मेवाला म्हणाला.

बिघडलं होतं. चार ठिकाणची कर्जं, तीन कार्डं, आणि डोळे तपासायच्या यंत्राचे हप्ते थकलेले. सोमवारी संध्याकाळी कंपनीची माणसं यंत्र उचलून नेणार होती. यंत्र गेलं की चष्म्याचं दुकान गेलंच. कर्जसल्ला केंद्रातल्या या बाईंनी योजना नीट समजावून सांगितली होती. त्याने सही केली की त्या लगेच कंपनीला फोन करणार, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांशी बोलणार, आणि त्याने दरमहा झेपेल असा एकच हप्ता भरायचा. पाच वर्षं. बदल्यात कार्डं इथेच कात्रीने कापायची, नवं काही उधारीवर घ्यायचं नाही आणि गाडी विकायची.

गाडीपाशी घोडं अडलं होतं.

"गाडी विकली तर साडू काय म्हणेल?"

साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, फरश्यांचा दुकानदार. सात वर्षांपूर्वी त्याने मोठा टीव्ही घेतला. पंधरा दिवसांत चष्मेवाल्याने त्याहून चार बोटं मोठा आणला. साडूने लेदरचा सोफा घेतला, याने मागे रेलता येणारा. मग एसी, गाडी, परदेशातली सहल. दोघी बहिणी रोज फोनवर बोलत, आणि चष्मेवाल्याचा प्रत्येक हप्ता त्या फोनपासून सुरू झाला होता. साडू मात्र सगळं रोखीने घेतो, हे त्याला माहीतच होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं.

आणि मग त्याला एकदम सुचलं.

"असं करतो, साडूकडूनच घेतो! घरातल्या घरात. त्याला काय कमी आहे?"

"गाडी विकायला त्यांची लाज वाटते," बाई म्हणाल्या, "आणि पैसे मागायला नाही वाटत?"

"ते वेगळं. धंद्यात पैसे अडकलेत म्हणून सांगेन. मोठ्या धंद्यात अडकतातच."

बाईंनी उसासा टाकला. "मग तसं लिहा. घरच्यांची मदत होणार असेल तर त्यांचं नाव, नातं आणि धंदा लिहावा लागतो."

त्याने ठळक अक्षरात लिहिलं. बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"नंबर बदललेला दिसतोय," तो आपुलकीने म्हणाला. "दुकानात या, तपासून देतो."

"नंबर ठीक आहे माझा." बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. "हे बघा, इथे कोण येतं, काय बोलतं, ते आम्ही कोणाला सांगत नाही. तुमचंही सांगणार नाही. सोमवारी दहाला आम्ही उघडतो. त्याआधी त्यांना एकदा नीट विचारा." त्यांनी खण उघडून दोन कोरे फॉर्म काढले आणि त्याच्या हातात दिले.

"दोन कशाला?"

"असू द्या. लागतो."

रविवारी दुपारी त्याने गाडी धुतली, मोजून दोन लिटर पेट्रोल टाकलं आणि साडूकडे गेला. मेहुणीने "या भावजी" म्हणत कॉफी आणून दिली आणि ती आत गेली. साडूने उठून दार लोटून घेतलं. हे जरा नवीन होतं. लेदरच्या सोफ्यावर दोघं शेजारी बसले.

"एक काम होतं," दोघंही एकदमच म्हणाले.

"बोला, तुम्ही आधी," साडू म्हणाला.

"छे छे, तुम्ही थोरले. तुमचा मान."

थोरलेपणाचा मान साडूने आजवर कधी सोडला नव्हता. त्याने घसा खाकरला. "काय आहे, साडूभाऊ, धंद्यात जरा पैसे अडकलेत. मोठ्या धंद्यात अडकतातच म्हणा."

चष्मेवाल्याने तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेवला.

"गेल्या आठवड्यात एका कर्जसल्ला केंद्रात जाऊन आलो," साडू सांगत होता. "त्या बाई म्हणतात, कार्डं कापा, गाडी विका. मी ताडकन उठलो. म्हटलं, बाई, ही योजना गरजूंना द्या. माझा साडू आहे! मी एक वस्तू घेतली की तो त्याहून भारी घेतो, तेही रोखीने. फॉर्मवर तुमचं नाव लिहूनच आलो."

म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या दोघांनी ते सात वर्षं बिनचूक वठवलं होतं, आणि बघायला दुसरं कोणी नव्हतंच. चष्मेवाल्याला आधी राग आला, मग रडू. मग कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता या घरात लाज वाटावी असं कोणी उरलं नव्हतं.

"पेन आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

साडूचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, चेक निघतोय. त्याने धावत जाऊन पेन आणून दिलं.

चष्मेवाल्याने खिशातून बाईंचे कोरे फॉर्म काढले. एकावर स्वतःची सही केली आणि दुसरा साडूपुढे सरकवला. साडू त्या कागदाकडे बघत राहिला. त्याने तो ओळखला होता. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "त्या बाई माझ्याबद्दल काही बोलल्या का?"

"एक अक्षर नाही," चष्मेवाला म्हणाला. "नुसते फॉर्म दोन दिले."