बेटावरचं गोडं पाणी

"इथं पाणी असेल तर कुठं असेल, म्हातारबा?" कमळाकरने विचारले.

वाळूतला ओला डाग बुध्या वाकून पाहत होता. काल मचव्यातून उतरवताना पाण्याच्या दोन पिंपांपैकी एक खडकावर आपटले होते. रातोरात त्याची शिवण उसवली आणि सकाळी ते रिकामे झाले. आता पाच माणसांना आठ दिवस एकच पिंप. मचवा तर कालच परत गेला होता.

बासष्ट सालचा चैत्र होता. डोळखांबच्या डोंगरातला बुध्याचा पाडा नव्या धरणाच्या पाण्यात जाणार होता. पाड्यासाठी सरकारी साहेबांनी दोन जागा काढल्या होत्या. एक हे बेट, जिथे आजवर कुणी घर बांधले नव्हते. दुसरी म्हसा गावाजवळची माळजमीन.

"बेटावर गोडं पाणी मिळालं तर बेट. नाही तर म्हसा," साहेब म्हणाले होते. आधी चार माणसांनी बेटावर राहून पाहावे म्हणून त्यांनी तंबू दिला, तांदूळ दिला आणि रोजचे वहीत लिहायला आपला शिपाई कमळाकर बरोबर दिला.

चौघांत बुध्याला त्यांनी मुद्दाम घेतले होते. पार शेणव्यापर्यंतच्या विहिरींच्या जागा त्यानेच दाखवलेल्या. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द कधी चुकला नव्हता. त्याच्यासोबत मुलगा नामदेव, सून सोनी आणि शेजारचा झिपरू आले होते.

पहिले दोन दिवस तरी बरे गेले. समुद्र याआधी चौघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. सोनीने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. झिपरूने लाटेत लोळण घेतली. खडकातली कालवे भाजून सगळ्यांनी खाल्ली. "जत्राच लागली रे आपली," नामदेव म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बुध्या सोनीला घेऊन बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेला. करवंदीच्या जाळीमागे एक वाकडा उंबर होता. बुध्याने त्याच्या बुंध्याशी हाताने पाला उकरला. माती ओली लागली. हातभर खणताच पाणी आले. गढूळ होते, मग निवळले. त्याने चाखले आणि सोनीला दिले.

"मामा, गोडं हाय!"

"हाय. बारमाही हाय."

सोनी ओरडून नवऱ्याला बोलवणार, तोच सासऱ्याने तिचा हात धरला.

"इथं नाचणी व्हईल का गो? भात व्हईल? रान नाय, गुरांना चारा नाय. आपली मेलेली माणसं तिकडं डोंगरात, नि आपण इथं खाऱ्या वाऱ्यात बसायचं?"

त्याने खड्ड्यावर दगड रचले, वर पाला सारला. "नामदेवला सांग, झिपरूला सांग. पन इथं पानी प्यायला कुनी यायचं नाय. तुमची तोंडं ताजी दिसली तर शिपाई काय आंधळा हाय?"

संध्याकाळी कमळाकर वही घेऊन बसला. "काय लिहू?"

"पानी नाय," बुध्या म्हणाला. त्याची मान खालीच होती.

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. पिंपाचा तळ दिसू लागला होता. माणशी सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. कमळाकरचे ओठ फुटले होते, तरी आपल्या पेल्यातले अर्धे पाणी तो म्हाताऱ्याच्या तोंडात ओतायचा. नामदेव ते बघायचा आणि उठून बाहेर जायचा. झिपरूने एकदा तोंड उघडले, पण नामदेवने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने ते मिटून घेतले.

पाचव्या दिवशी सोनीला राहवले नाही. पहाटे ती उंबराशी गेली, पदर भिजवला आणि धावत आली. सासऱ्याच्या ओठांवर तिने पदर पिळला.

"लुगडं ओलं कसं?" कमळाकरने विचारले.

"लाटंत पडले, दादा."

मान हलवून तो वहीकडे वळला. पण बुध्याने ते ऐकले होते. सोनीने पुन्हा पदर जवळ नेला तेव्हा त्याने दात घट्ट आवळले.

"बा, पी रे," नामदेव त्याच्या कानाशी म्हणाला. "जमीन गेली खड्ड्यात. मी सांगतो शिपायाला."

बुध्याने डोळे उघडले. "सांगशील तर माझा नाय तू," तो म्हणाला. मग त्याने तोंड फिरवले.

सहाव्या दिवशी दुपारी तो गेला. त्यांनी त्याला वाळूच्या उंचवट्यावर पुरले. कमळाकर लहान मुलासारखा रडला. "चांगला माणूस. डोळ्यांदेखत पाण्यावाचून गेला," तो म्हणाला. "वहीत तसंच लिहितो. आता तुम्हाला इथं कुणी आणणार नाही."

नामदेवला त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्या संध्याकाळी तो उंबराशी गेला आणि दगडांवर आणखी दगड टाकून आला. पाणी मात्र प्यायला नाही.

आठव्या दिवशी सकाळी मचवा दिसला. साहेब स्वतः आले होते. धोतर वर खोचून ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि हसत हसत किनाऱ्याकडे येऊ लागले. नामदेव पुढे झाला. दोन दिवस तो एकच वाक्य मनात घोकत होता.

"साहेब, बेटावर पानी नाय."

"नसू दे रे, आता त्याचं काय!" साहेब म्हणाले. "धरणाची जागा बदलली. तुमचा पाडा आहे तिथंच राहणार. तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्याच दिवशी तार आली. लगेच मचवा पाठवणार होतो, पण म्हटलं, बिचाऱ्यांनी कधी समुद्र पाहिला नाही, राहू देत आठ दिवस मजेत."