फक्त प्रश्नचिन्ह

थोरल्या बहिणीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती सोफ्याच्या कडेला टेकली आणि फोन धाकटीपुढे धरला.

"हे वाच. हे पाहिल्यापासून आमच्या यांचं डोकं फिरलंय."

धाकटीनं मोठ्यानं वाचलं, "दुपारी फोन बंद, आणि घरी येताना केस ओले? तिला विचारू नका. स्वतः बघा."

खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या धाकटीच्या नवऱ्याची बोटं होती तिथेच थांबली. ती ओळ त्याचीच होती. ऑनलाइन जाहिरातींचे मथळे लिहिणं हे त्याचं रोजचं काम. घरातली माणसं कुठे आहेत ते फोनवर दाखवणाऱ्या एका ॲपची ती जाहिरात. आधी त्यानं लिहिलं होतं, 'घरचे सुखरूप पोचले का, लगेच कळेल.' त्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. साहेब म्हणाले, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. तेव्हा त्यानं ही दुसरी ओळ लिहिली आणि लिहून स्वतःच कचरला. "कोणाच्या घरात आग लागायची, साहेब." साहेब हसले. "आपण कुठे काय म्हटलंय? फक्त प्रश्नचिन्ह टाकलंय." दोन दिवसांत लोक त्या जाहिरातीवर तुटून पडले. ऑफिसात त्याची पाठ थोपटली गेली.

"मग तू सांगायचंस ना, माझ्याकडे पोहायला येते म्हणून," धाकटी म्हणाली.

ती तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवायची. दुपारी दोन ते तीन, फोन कपाटात कुलूपबंद. महिनाभर थोरलीही तिथे गुपचूप जात होती. पन्नाशीची बायको फळी धरून पाय मारते हे कळतं, तर नवऱ्यानं वर्षभर टिंगल केली असती.

"सांगितलं की. म्हणाले, मग महिनाभर का लपवलंस? टॉवेल नाकाला लावून बघितला. क्लोरीनचा वास आला, तर म्हणाले, वास काय, कुठूनही आणता येतो." थोरलीचा आवाज चिरकला. "अठ्ठावीस वर्षांत माझ्या पर्सला कधी हात लावला नव्हता गं त्यांनी. काल सगळी पलंगावर उपडी केली. आज सकाळी म्हणाले, फोन दे, ॲप टाकतो. मी पिशवी उचलली आणि निघाले. कुठल्या मेल्यानं हे लिहिलंय, त्याचे हात झडोत!"

तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. मथळ्याखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. पण बायको अजून त्या ओळीकडेच बघत होती. तिनं ती पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात, नुसते ओठ हलवत.

"ताई, हे तुझ्यावर नाहीये," ती हळूच म्हणाली. "हे माझ्यावर आहे." आणि तिनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"मी लिहिलंय," तो म्हणाला.

मग त्याला पुढेही बोलावं लागलं. "तू त्या दिवशी दारातून केस टिपत आलीस ना, तेव्हा सुचलं. नुसतं चित्र सुचलं. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"शपथ."

बायकोनं फोन बहिणीला परत दिला. थोरली त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू घर चुकून ती भलत्याच कोणाच्या सोफ्यावर येऊन बसली होती.

त्यानं लॅपटॉपवर ती जाहिरात उघडली आणि लोकांना दिसणंच बंद करून टाकलं. साहेबांना उद्या काय सांगायचं ते उद्या. मग त्यानं साडूंना फोन लावला, आणि दोघींना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"दादा, तुम्ही वाचलीत ती जाहिरात माझी आहे. मीच लिहिली. त्यात काडीचंही तथ्य नाही. लोकांनी थांबून वाचावं म्हणून काहीतरी खरडलं. ताई खरंच पोहायला जातात. इथेच बसल्यात."

पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी त्याचा आवाज बंद केला.

"तुम्ही लिहिली?" साडू म्हणाले. "मग हिचे केस ओले असतात हे तुम्हाला काय ठाऊक?"

"ताईंचे नाही हो! माझ्या बायकोचे. दुपारी तिचा फोन लागत नाही, घरी येते तेव्हा केस ओले असतात. तेवढ्यावरून मी..."

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

मग साडूंचा आवाज आला तो एकदम खालच्या पट्टीत, मायेचा, दुखणाईत माणसाशी बोलावं तसा.

"अहो, मग तुम्ही खात्री करून घेतलीत का?"

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. बायको मात्र त्याच्याकडेच बघत होती. तिलाही त्याचं उत्तर ऐकायचं होतं.